शांतता पोचायच्या आत

घेंटच्या तहात अकरा कलमं आहेत. त्यातलं दुसरं कलम मी इतक्या वेळा वाचलंय की आता ते जवळजवळ पाठ झालंय. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात १८१२ साली पेटलेलं युद्ध या तहानं मिटलं. दोन्ही सरकारांनी तहाला मंजुरी दिली की लढाई थांबवण्याचे हुकूम सगळीकडे धाडायचे, असं हे कलम सांगतं. पण हुकूम शिडाच्या जहाजानं जाणार, वारा असेल तसा. म्हणून पुढे हिशोब घातलाय. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत बारा दिवस. बाकीच्या उत्तर अटलांटिकमध्ये, वेस्ट इंडीजमध्ये, इंग्लंडच्या खाडीत तीस. बाल्टिक आणि भूमध्य समुद्रात चाळीस. विषुववृत्ताच्या खाली, केप ऑफ गुड होपच्या अक्षांशापर्यंतच्या अटलांटिकमध्ये साठ. विषुववृत्ताच्या दक्षिणेला उरलेल्या जगात नव्वद. आणि राहिलेल्या साऱ्या पृथ्वीवर, कुठलाही अपवाद न ठेवता, एकशेवीस दिवस.

या मुदती उलटल्यावर कुणी कुणाचं जहाज पकडलं, तर ते जहाज आणि त्यावरचा माल ज्याचा त्याला परत करायचा.

पृथ्वीचा हा नकाशा मैलांत आखलेला नाही, बातमीला लागणाऱ्या दिवसांत आखलेला आहे. प्रत्येक वर्तुळाच्या आत माणसं आहेत, आणि ती आपापल्या वर्तुळाचे दिवस संपेपर्यंत एकमेकांना मारायला मोकळी आहेत. ज्यांनी हे लिहिलं ते दुष्ट नव्हते. उलट, त्यांनी फार प्रामाणिकपणे मान्य केलं होतं की आपली शांतता काही ठिकाणी चार महिने उशिरा पोचेल. पण पुन्हा वाचताना दर वेळी माझी नजर त्याच शब्दांवर अडते: जहाज आणि माल. परत करण्याजोग्या गोष्टींची यादी तिथेच संपते.

या युद्धाची सुरुवातही बातमीच्या उशिरातच झाली. ब्रिटन तेव्हा नेपोलियनशी झुंजत होतं. फ्रान्सचा व्यापार गळा आवळून मारायचा म्हणून त्यांनी १८०७ पासून जे हुकूम काढले, त्यांच्या तडाख्यात तटस्थ अमेरिकेची जहाजं सापडू लागली. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे खलाशांची वेठ. ब्रिटिश आरमाराला माणसं कमी पडत होती. त्यांचे अधिकारी भर समुद्रात अमेरिकी जहाजं अडवायचे, डेकवर खलाशांना रांगेत उभं करायचे आणि 'हा आमचा' म्हणून उचलून न्यायचे. यात पळून आलेले ब्रिटिश खलाशी होते, तसे अमेरिकेत जन्मलेलेही होते. असे हजारो अमेरिकी खलाशी नेले गेले. जून १८०७ मध्ये तर 'लेपर्ड' या ब्रिटिश युद्धनौकेनं अमेरिकेच्याच 'चेसापीक' या युद्धनौकेवर तोफा डागल्या, तीन माणसं मारली आणि चौघांना नेलं. त्यातल्या एकाला हॅलिफॅक्सला फाशी झाली.

पाच वर्षं हा राग साचत गेला. इकडे इंग्लंडात अमेरिकेची बाजारपेठ बंद झाल्यामुळे गिरण्यांच्या गावांत उपासमार सुरू झाली होती आणि ते व्यापारी हुकूम मागे घ्या म्हणून पार्लमेंटमध्ये दडपण वाढत होतं. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल त्या हुकुमांचे खंदे पुरस्कर्ते. ११ मे १८१२ रोजी हाउस ऑफ कॉमन्सच्या दालनाबाहेर एका वैफल्यग्रस्त व्यापाऱ्यानं त्यांना गोळी घातली. सरकार बदललं, आणि १६ जूनला परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांनी सभागृहात सांगून टाकलं की हुकूम स्थगित होत आहेत. त्यानंतर दोन दिवसांनी, १८ जूनला, अटलांटिकच्या पलीकडे अध्यक्ष मॅडिसन यांनी युद्धाच्या घोषणेवर सही केली. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. अमेरिकेच्या इतिहासात युद्धाच्या घोषणेला इतका विरोध क्वचितच झाला असेल.

दोन दिवस. हे वाचून हळहळ वाटते, पण ती हळहळ थोडी आवरून धरायला हवी. हुकूम मागे घेतल्याची बातमी ऑगस्टमध्ये अमेरिकेत पोचली, सरहद्दीवर थोडा काळ शस्त्रसंधीही झाली, तरी मॅडिसन थांबले नाहीत. खलाशांची वेठ चालूच होती, आणि पश्चिमेकडच्या अनेक पुढाऱ्यांचा डोळा कॅनडावर आणि मूळ रहिवाशांच्या जमिनींवर होता. बातमी वेळेत आली असती तर १८ जूनचं मतदान कदाचित फिरलं असतं. हाव आणि अपमान मात्र जागेवरच राहिले असते.

पुढचे काही आठवडे तर बातमी हीच सेनापती होती. अमेरिकेचे जनरल विल्यम हल डेट्रॉइटच्या दिशेनं फौज घेऊन निघाले होते. युद्ध जाहीर झालंय हे त्यांना कळलेलं नव्हतं. सामान आणि कागदपत्रं त्यांनी एका लहान जहाजातून पुढे पाठवली. ते जहाज २ जुलैला ब्रिटिशांच्या किल्ल्यासमोरून निघालं होतं, आणि किल्ल्यातल्यांना मात्र बातमी आधीच पोचलेली होती. हल यांची सगळी गुपितं शत्रूच्या मेजावर आयती जाऊन पडली. १७ जुलैला मॅकिनॉच्या बेटावरच्या अमेरिकी शिबंदीला युद्धाची पहिली खात्रीची खबर मिळाली ती डोंगरावर रोखलेल्या ब्रिटिश तोफेच्या रूपात. एकही गोळी न झाडता किल्ला गेला. १६ ऑगस्टला हल यांनी डेट्रॉइटही लढाईविना देऊन टाकलं. समोर ब्रिटिश सेनापती आयझॅक ब्रॉक होते, आणि त्यांच्या बरोबरीनं शॉनी जमातीचा नेता टेकमसे.

आमच्या घरातल्या दोन पिढ्या बोटीवर गेल्या. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांचं तसंच होतं. आजोबांचं पत्र आलं की आजी आधी मजकूर वाचून घेत नसे, तारीख विचारायची. मग म्हणायची, "ही खुशाली तेव्हाची." त्या वाक्यात कुरकुर नव्हती. पत्रातला माणूस सुखरूप आहे म्हणजे तो त्या दिवशी सुखरूप होता, एवढंच तिला म्हणायचं असायचं. अठराशे बारा ते पंधराच्या सगळ्या राजकारण्यांनी, कप्तानांनी, सेनापतींनी जे निर्णय घेतले ते अशा 'तेव्हाच्या' जगावर घेतले. हे युद्ध मला आजीच्या त्या सवयीमुळेच कळू लागलं.

मधली अडीच वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण नकाशावर त्यांनी जवळजवळ काहीच बदललं नाही. अमेरिकेनं कॅनडावर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या आणि पुन्हा पुन्हा मागे फिरली. ब्रॉक ऑक्टोबर १८१२ मध्येच क्वीन्स्टन हाइट्सवर पडले. एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकी सैन्यानं यॉर्क घेतलं, म्हणजे आजचं टोरांटो, आणि तिथल्या सरकारी इमारतींना आगी लागल्या. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं. त्या २४ ऑगस्टच्या दुपारी अध्यक्षांच्या घरात पॉल जेनिंग्ज नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा तीनच्या जेवणासाठी मेज मांडत होता. तो मॅडिसन यांचा गुलाम होता. डॉली मॅडिसन यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांची तसबीर स्वतः वाचवली, ही गोष्ट अमेरिकेत मुलांना सांगतात. पुढे स्वतंत्र झालेल्या जेनिंग्ज यांनी १८६५ साली छापलेल्या आठवणींत शांतपणे लिहिलं की तसबीर उतरवली ती दारवान आणि माळी यांनी. मॅडिसन यांच्या घरातल्या त्या दिवसाचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा साक्षीदार हाच.

सप्टेंबरमध्ये बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर पंचवीस तास तोफा चालल्या. किल्ला टिकला, आणि सकाळी त्यावर फडकणारं प्रचंड निशाण पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनी जी कविता लिहिली ती १९३१ साली राष्ट्रगीत झाली. हे गीत मुंबईत बांधलेल्या 'मिंडेन' या युद्धनौकेवर लिहिलं गेलं, असं मुंबईत फार अभिमानानं सांगितलं जातं. मिंडेन मुंबईच्या गोदीतच झाली, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली, १८१० साली, तेवढं खरं. पण की त्या रात्री होते ते बोलणी करायला पांढरं निशाण लावून आलेल्या एका अमेरिकी जहाजावर. या युद्धाशी मुंबईचा जो खरा संबंध आहे तो इतका गोड नाही, आणि म्हणूनच बहुधा तो कुणी सांगत नाही. त्याकडे येतोच.

घेंटमध्ये बोलणी ऑगस्ट १८१४ पासून चालली होती. अमेरिकेकडून पाच जण, त्यात जॉन क्विन्सी अॅडम्स आणि हेन्री क्ले. अॅडम्स पहाटे उठायचे तेव्हा क्ले यांच्या खोलीतला पत्त्यांचा डाव नुकता मोडत असायचा, असं त्यांच्या रोजनिशीत आहे. ब्रिटिशांनी सुरुवातीला मागण्या चढ्या ठेवल्या होत्या: जमीन हवी, आणि मूळ रहिवाशांसाठी अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये एक राखीव मुलूख हवा. त्या खाली आल्या त्याला एक कारण घडलं वेलिंग्टन. मराठी वाचकाला हा माणूस ओळखीचा आहे. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसल्यांच्या फौजा ज्यानं मोडल्या तो आर्थर वेलस्ली. अकरा वर्षांनी तो ड्यूक झाला होता आणि सरकार त्याला अमेरिकेत धाडू पाहत होतं. त्यानं ९ नोव्हेंबरच्या पत्रात सरळ कळवलं की सरोवरांवर आपलं आरमारी वर्चस्व नाही, आणि युद्धाची आजची स्थिती पाहता मुलूख मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. असईच्या विजेत्यानं हे म्हटल्यावर लंडनमध्ये कुणाची पुढे बोलायची हिंमत झाली नाही. २४ डिसेंबरला सह्या झाल्या. सगळं युद्धापूर्वी होतं तसं. ज्या वेठीवरून अमेरिका लढायला उठली तिचा तहात शब्दही नाही.

सह्या झाल्या आणि बातमी जहाजात बसली.

ती समुद्रावर असताना, ८ जानेवारी १८१५ रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या खाली शाल्मेटच्या उसाच्या शेतांत ब्रिटिश फौज अँड्र्यू जॅक्सन यांच्या मोर्च्यांवर चालून गेली. जॅक्सन यांच्या बाजूला टेनेसी-केंटकीचे शेतकरी होते, शहरातल्या मुक्त कृष्णवर्णीयांच्या दोन पलटणी होत्या, चॉक्टॉ योद्धे होते, लाफीत यांचे चाचे होते. धुकं वितळल्यावर ब्रिटिश रांगा उघड्यावर सापडल्या. त्यांची मेलेली, जखमी आणि पकडलेली माणसं मिळून दोन हजारांच्या घरात. अमेरिकेची सारी मिळून एकाहत्तर, त्यात मेलेले तेरा. सेनापती पॅकेनहॅम, वेलिंग्टनच्या बायकोचा भाऊ, तिथेच मेला. जखमी होऊन वाचलेल्यांत जॉन कीन नावाचा जनरल होता. पुढे १८३० च्या दशकात तो मुंबई फौजेचा सरसेनापती होऊन आपल्याकडे आला.

युद्ध संपल्यावर झालेली लढाई, असं या दिवसाबद्दल सगळीकडे म्हटलं जातं. मला ते पुरतं पटत नाही. तहच म्हणत होता की दोन्हीकडून मंजुरी मिळाल्याशिवाय लढाई थांबणार नाही, आणि जानेवारीत अमेरिकेची मंजुरी व्हायची होती. तहाचा कागद ११ फेब्रुवारीला न्यू यॉर्कला उतरला, १६ला सिनेटनं एकमतानं होकार दिला, १७ला मंजुरीपत्रांची अदलाबदल झाली. तेव्हा कायद्यानं पाहिलं तर शाल्मेटची माणसं युद्ध चालू असतानाच मेली. मला जास्त छळते ती त्यानंतरची एक घटना. टेनेसीच्या सहा सैनिकांना जॅक्सन यांच्या मंजुरीनं मोबील इथे गोळ्या घालण्यात आल्या. आपली तीन महिन्यांची भरती संपली असं समजून ते निघाले होते, आणि लष्करी न्यायालयानं त्याला बंड ठरवलं. तारीख २१ फेब्रुवारी. तह लागू होऊन चार दिवस झाले होते. जॅक्सन यांना शांततेची अधिकृत खबर मिळाली ती मार्चच्या मध्याला, आणि तोपर्यंत शहरात 'आता लष्करी अंमल उठवा' असं लिहिणाऱ्या एका आमदाराला त्यांनी तुरुंगात टाकलं, त्याला सोडा म्हणणाऱ्या न्यायाधीशालाही. बातमी सरकारी शिक्क्यानं आलेली नाही तोवर ती अफवाच, अशी त्यांची भूमिका होती. लष्कराच्या शिस्तीत ती बसतेही. पण उशीर कुणाच्या तरी सोयीचा असू शकतो हे त्यातून दिसतं.

समुद्रावर दिवसांची वर्तुळं आपलं काम करत होती. २० फेब्रुवारीला अटलांटिकमधल्या मदेराजवळ 'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी युद्धनौकेनं दोन ब्रिटिश जहाजं जिंकली, मुदतीत. २३ मार्चला ट्रिस्टन द कून्हा बेटाजवळ 'हॉर्नेट'नं 'पेंग्विन' जिंकलं, त्याचा कप्तान मेला, तेही मुदतीत. तिथे हॉर्नेटला 'पीकॉक' ही दुसरी अमेरिकी युद्धनौका येऊन मिळाली आणि दोघी हिंदी महासागराकडे निघाल्या, ईस्ट इंडिया कंपनीची मालाची जहाजं लुटायला. २७ एप्रिलला लांब एक मोठं शीड दिसलं. कंपनीचं श्रीमंत जहाज असणार असं धरून त्या जवळ गेल्या, आणि कळलं की ती चौऱ्याहत्तर तोफांची 'कॉर्नवॉलिस' आहे. ही १८१३ साली मुंबईच्या गोदीत उतरलेली सागवानी नौका, तीही जमशेटजी वाडियांचीच. पीकॉक निसटली. हॉर्नेटनं नांगर, गोळे, तोफा, जे हाती येईल ते समुद्रात टाकत तीन दिवस पळ काढला. शेवटी तिच्यावर एकच तोफ उरली होती. मुंबईच्या सुतारांचं काम किती पक्कं होतं हे सांगायला या पाठलागाइतकी चांगली गोष्ट नाही. सत्तावीस वर्षांनी याच कॉर्नवॉलिसवर चीनला नानजिंगचा तह करावा लागला, तेव्हा अभिमान कुठवर ताणायचा हा प्रश्न मात्र माझ्यापुरता उरतोच.

पीकॉक एकटीच पूर्वेला गेली. कप्तान लुइस वॉरिंग्टन. ३० जून १८१५ रोजी ती सुंदाच्या सामुद्रधुनीत, जावाच्या अन्यर किल्ल्यासमोर पोचली. जावा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथे 'नॉटिलस' उभी होती: बॉम्बे मरीनची, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराची, चौदा तोफांची छोटी ब्रिग. पीकॉकवर बावीस तोफा, आणि त्याही कितीतरी जड. नॉटिलसचा कप्तान लेफ्टनंट चार्ल्स बॉइस. अन्यरमध्ये शांततेची बातमी येऊन पोचलेली होती. इंग्रजांच्या म्हणण्यानुसार बंदरातला एक अधिकारी आणि नॉटिलसवरचा एक जण आधीच होडीनं पीकॉकवर जाऊन ती सांगूनही आले होते. त्यांना खाली नेऊन बसवण्यात आलं.

बॉइसनं हाक मारून विचारलं, मित्र की शत्रू. उत्तर आलं, शत्रू. बॉइसनं सांगितलं की तह झालाय, माझ्याकडे जाहीरनामा आहे. वॉरिंग्टननं म्हटलं, तसं असेल तर निशाण उतरवा. बॉइसनं नकार दिला. मग तोफा सुरू झाल्या.

मी वॉरिंग्टनच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलंय. महिनोन्‌महिने समुद्रावर, मायदेशाचा एक कागद नाही. समोर शत्रूचं जहाज, किल्ला त्याच्या पाठीशी, आणि शत्रूचाच कप्तान सांगतोय की आता आपण शत्रू नाही. फसवणुकीचे असे डाव त्या काळात सर्रास खेळले जात. आणि बॉइस? त्याला ठाऊक होतं की आपण खरं बोलतोय. खरं बोलणाऱ्यानं निशाण का उतरवावं? दोघांचंही वागणं त्यांच्या त्यांच्या शिस्तीत चोख बसतं. तरीही मला वाटतं, जहाजावर माणसं कुणाची होती याचा विचार दोघांपैकी एकानं तरी करायला हवा होता. तो पंधरा मिनिटं थांबला असता, जाहीरनाम्याचा कागद होडीनं मागवला असता, तर कुणाचाच मान गेला नसता.

लढत थोडा वेळच चालली. बॉइसचा पाय गेला. पहिला लेफ्टनंट मेस्टन जिव्हारी जखमी झाला आणि पुढे मेला. मेलेल्यांची नोंद अशी आहे: एक गोरा खलाशी, घरी परतणारे दोन आजारी युरोपीय शिपाई, आणि तीन लस्कर. जखमींत आणखी पाच लस्कर. बॉम्बे मरीनच्या जहाजांवरचे लस्कर म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे, कोकणापासून गुजरातच्या घोघ्यापर्यंतचे खलाशी. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या युद्धातली ही अखेरची आरमारी चकमक, आणि तिच्यातले निम्मे मेलेले आपल्या देशातले. ज्या अमेरिकी खलाशांच्या वेठीवरून युद्ध सुरू झालं त्यांच्यासाठी निदान एक देश उठला. या तिघांसाठी नोंदीत 'तीन लस्कर' एवढेच शब्द आहेत. त्यांच्या घरी ही बातमी कुठल्या महिन्यात, कुणाच्या तोंडून पोचली असेल?

दक्षिण गोलार्धासाठी तहानं दिलेले नव्वद दिवस १८ मेलाच संपले होते. साऱ्या पृथ्वीसाठी दिलेले एकशेवीसही १७ जूनला. दुसऱ्या दिवशी वॉरिंग्टनची खात्री पटली आणि त्यानं नॉटिलस परत केली. कलम तंतोतंत पाळलं गेलं. वर्षभरानं बोस्टनमध्ये चौकशी बसली आणि तिनं वॉरिंग्टनला निर्दोष ठरवलं.

या तहात माणसांबद्दलही कलमं आहेत, पण ती वाचताना आणखी अस्वस्थ व्हायला होतं. नववं कलम म्हणतं की मूळ रहिवाशांच्या जमातींना १८११ साली असलेल्या जमिनी आणि हक्क परत मिळतील. टेकमसे तोवर उरला नव्हता. ऑक्टोबर १८१३ मध्ये थेम्स नदीकाठी ब्रिटिश मित्र रण सोडून गेल्यावर तो लढता लढता मेला, आणि सगळ्या जमातींनी मिळून जमीन राखायची हा त्याचा विचारही त्याच्याबरोबर गेला. दक्षिणेत जॅक्सन यांनी मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडला क्रीक जमातीचे आठशेच्या आसपास लोक मारले आणि ऑगस्टमध्ये २ कोटी ३० लाख एकर जमीन लिहून घेतली. त्यात स्वतःच्या बाजूनं लढलेल्या क्रीकांचीही जमीन होती. नवव्या कलमानुसार ती परत जायला हवी होती. एक एकरही गेली नाही, आणि ब्रिटननं त्यासाठी बोट उचललं नाही. हॉर्सशू बेंडला चेरोकी जॅक्सन यांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. १८३० साली अध्यक्ष जॅक्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यानं त्या चेरोकींनाही देशोधडीला लावलं.

दहावं कलम सांगतं की गुलामांचा व्यापार माणुसकीशी आणि न्यायाशी विसंगत आहे. पहिलं कलम सांगतं की मुलूख परत करताना गुलाम किंवा इतर खाजगी मालमत्ता कुणी घेऊन जायची नाही. एकाच कागदावर, त्याच सह्यांच्या वर.

हे पहिलं कलम पुढे अकरा वर्षं गाजलं. २ एप्रिल १८१४ रोजी अॅडमिरल कॉक्रेन यांनी जाहीर केलं होतं की अमेरिका सोडू इच्छिणाऱ्या कुणालाही ब्रिटिश जहाजांवर आसरा मिळेल; हवं तर फौजेत भरती व्हा, नाहीतर ब्रिटिश वसाहतीत स्वतंत्र माणूस म्हणून राहा. गुलाम हा शब्द त्यात नव्हता. कळायचं त्यांना कळलं. चेसापीकच्या उपसागरात रातोरात होड्या सुटू लागल्या, बायकामुलांसकट. चार हजारांच्या आसपास माणसं गेली. ही बातमी मात्र तोंडोतोंडी, मालकांच्या नकळत, चटकन पोचली.

युद्ध संपल्यावर मालकांनी भरपाई मागितली. रशियाच्या झारला पंच नेमलं, आयोग बसला, दर ठरले: लुइझियानाच्या गुलामामागे ५८० डॉलर, जॉर्जियाच्या ३९०, व्हर्जिनिया-मेरीलँडच्या २८०. १८२६ साली ब्रिटननं एकंदर १२,०४,९६० डॉलर मोजायचं मान्य केलं. नववं कलम वाऱ्यावर गेलं. पहिलं कलम डॉलरपर्यंत वसूल झालं.

आणि ज्यांचा हा दर ठरला, ती माणसं? त्यांतली बरीच नोव्हा स्कोशियाच्या थंडीत गेली. जे कॉक्रेन यांच्या वसाहती मरीन पलटणीत शिपाई झाले होते, त्यांना १८१६ मध्ये त्रिनिदादच्या दक्षिणेला जंगलात प्रत्येकी सोळा एकर जमीन मिळाली. ज्या तुकडीत लढले, त्याच तुकडीनं गाव वसवलं. गावांची नावं आजही थर्ड कंपनी, फिफ्थ कंपनी, सिक्स्थ कंपनी अशीच आहेत. लोक स्वतःला मेरिकिन्स म्हणवतात आणि मोरुगाच्या डोंगरउतारावर लाल भात पिकवतात.